रजतपटावरील दुर्गाबाई

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, त्या वेळी त्यांच्यापुढे सर्वांत मोठी अडचण उभी राहिली ती तारामतीची. कॅमेरा विलायतेहून आणता आला, फिल्म धुण्याची विद्या हस्तगत करता आली, पण हरिश्चंद्राच्या राणीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना. जिला समाजाने आधीच उंबरठ्याबाहेर ठेवले होते, अशा वस्तीतही फाळके जाऊन आले, आणि तेथूनही त्यांना नकारच मिळाला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. भारतीय चित्रपटातील पहिली तारामती ती हीच. पुढे 'लंकादहना'त याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही सोंगे वठवली. आज याचे हसू येते, परंतु त्या काळच्या प्रेक्षकाला ते हास्यास्पद वाटले नाही. रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली होती.

'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. त्याच गिरगावात, कांदेवाडीतील एका मोठ्या एकत्र कुटुंबात, त्या वेळी आठ वर्षांची एक मुलगी वाढत होती. घराणे लाडांचे, मूळचे गोव्याकडील; घरात कोकणी बोलली जाई. मुलीचे नाव विटा. १४ जानेवारी १९०५ हा तिचा जन्मदिवस. एकोणीस वर्षांनंतर हरिश्चंद्राची हीच कथा मराठी बोलपटाच्या रूपाने पडद्यावर यावयाची होती, आणि तीत तारामती होऊन ही मुलगी उभी राहावयाची होती. मधल्या काळात स्त्रिया पडद्यावर आल्याच नव्हत्या असे नव्हे. स्वतः फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी कामे केली होती, आणि त्या मायलेकींच्या धैर्याला तोड नाही. मात्र सुखवस्तू, इंग्रजी शिकलेल्या, 'घरंदाज' म्हणून मिरवणाऱ्या वर्गाने आपल्या लेकीसुनांपुरते ते दार घट्ट लावून घेतले होते. सिनेमा पाहावयास या वर्गाची हरकत नव्हती; हरकत होती ती त्यात दिसण्याला.

विटा लाड यांचे शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. पदवीचा अभ्यास चालू असतानाच खोटे घराण्यातील विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विश्वनाथराव काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाचे पदवीधर, यंत्रविद्येचे इंजिनिअर. घराणे जुने आणि श्रीमंत. विटाच्या दुर्गाबाई झाल्या. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. इथवरचे आयुष्य त्या काळच्या कोणत्याही सधन स्त्रीच्या आयुष्यासारखे सरळ रेषेत चालले होते. पुढे सासरच्या वैभवाला ओहोटी लागली. विश्वनाथरावांनाही दीर्घायुष्य लाभले नाही. दोन मुलांना वाढवावयाचे आणि कोणाच्या आश्रितासारखे राहावयाचे नाही, असा पेच दुर्गाबाईंपुढे पडला. त्या काळच्या शिकलेल्या स्त्रीला उघडा असा एकच मार्ग होता, तो शिकवण्यांचा. तोही त्यांनी करून पाहिला. पण शिकवण्यांच्या मिळकतीत दोन मुलांचा संसार चालत नाही.

अशा वेळी बोलपटाची संधी आली, आणि तीही जणू वाट चुकून. मोहन भवनानी 'फरेबी जाल' नावाचा चित्रपट काढीत होते. 'आलम आरा' नुकताच लागला होता; मूकपट काढून बसलेल्या निर्मात्यांची धावपळ उडाली होती, आणि आपल्या चित्रपटात बोलका भाग थोडा तरी असावा अशी जो तो खटपट करीत होता. अशा एका छोट्या भागासाठी भवनानींना सुशिक्षित तरुणी हवी होती. त्यांनी प्रथम विचारले ते दुर्गाबाईंच्या बहिणीला, आणि तिने आपल्याऐवजी दुर्गाबाईंचे नाव सुचवले, असे सांगतात. काम मिनिटांच्या हिशेबात मोजण्याइतके. गरज होती, नकार देण्याचे काही कारण दिसले नाही. बाकीच्या चित्रपटात काय आहे याची पुरती कल्पना मात्र त्यांना नव्हती. १९३१ साली 'फरेबी जाल' प्रदर्शित झाला तो सवंग निघाला, आणि टीकेचा सारा भडिमार लाड आणि खोटे या दोन कुळांवर झाला. चित्रपट काढणाऱ्याला कोणी फारसा जाब विचारला नाही. विचारला तो त्यात थोडा वेळ दिसलेल्या बाईला.

एखादीने तेथेच या धंद्याला कायमचा रामराम ठोकला असता. परंतु कोल्हापुरात एका माणसाने ते लहानसे काम वेगळ्या नजरेने पाहिले होते. तो माणूस म्हणजे 'प्रभात'चे दिग्दर्शक शांताराम. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम या पाच भागीदारांनी १९२९ साली कोल्हापुरात उभारलेली ही संस्था त्या वेळी आपल्या पहिल्या बोलपटाच्या तयारीला लागली होती. विषय ठरला होता हरिश्चंद्राचा, नाव 'अयोध्येचा राजा', आणि राजाच्या भूमिकेसाठी निवड झाली होती गोविंदराव टेंबे यांची. गोविंदराव म्हणजे रसिक महाराष्ट्राच्या आदराचे स्थान. पेटीवादक, संगीतरचनाकार, नट. अशा माणसाबरोबर काम, आणि कथा पुराणातली. तरीही होकार देणे सोपे नव्हते. पहिला घाव ताजा होता. दुर्गाबाईंनी तो दिला, याचे श्रेय शांतारामांच्या पारखीला आणि टेंब्यांच्या नावाला देण्याची प्रथा आहे. त्यातला काही वाटा त्यांच्या स्वतःच्या जिद्दीलाही द्यावयास हवा. ज्या ठिकाणी अपमान झाला तेथेच परत जाऊन मान मिळवावयाचा, ही वृत्ती त्यांच्या पुढील आयुष्यातही वारंवार दिसते.

'अयोध्येचा राजा' १९३२ साली प्रदर्शित झाला. मराठीतला हा पहिला बोलपट. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला होता. म्हणजे प्रवेश एका भाषेत चित्रित झाला की तोच पुन्हा दुसऱ्या भाषेत करावयाचा. पार्श्वगायनाची युक्ती अद्याप आपल्याकडे यावयाची होती. नटाने जागच्या जागी, कॅमेऱ्यापुढे, स्वतःच्या गळ्याने गावयाचे. वाद्ये दृष्टीआड कोठेतरी बसलेली. सूर चुकला किंवा शब्द अडखळला की सारे पुन्हा पहिल्यापासून. रंगभूमीवर मुरलेल्या गोविंदरावांना यातले गाणे तरी नवे नव्हते. दुर्गाबाईंना सगळेच नवे होते. रंगभूमीचा अनुभव नाही, गायनाचा व्यवसाय नाही, गाठीला एका फसलेल्या चित्रपटातील काही मिनिटे.

आणि नेमके हेच त्यांच्या पथ्यावर पडले असे म्हणता येईल. त्या काळच्या नटनट्यांच्या बोलण्यात नाटकी हेल असे; शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविण्याची सवय ध्वनिग्राहक यंत्रापुढेही सुटत नसे. दुर्गाबाईंना ती सवय लागलेलीच नव्हती. त्यांची तारामती घरातल्या बाईसारखी बोलते. राज्य गेले, नवरा विकला गेला, आपणही विकलो गेलो, मूल मेले, आणि त्या मुलाला अग्नी द्यावयाचे तर स्मशानातला कर देण्यास जवळ काही नाही, अशी ही दुःखाची चढण आहे. या चढणीवर कंठ फोडून रडण्याचा मोह कोणालाही व्हावा. दुर्गाबाई बऱ्याच ठिकाणी तो आवरतात. उंच, सडपातळ बांधा, ताठ मान आणि रेखीव मुद्रा हे त्यांचे भांडवल होतेच. परंतु दासीच्या फाटक्या वस्त्रातही ती मान राणीची राहिली, हे त्यांचे कर्तृत्व.

'फरेबी जाल'वर कोरडे ओढणाऱ्या समाजाने तारामतीला मात्र डोक्यावर घेतले. या घटनेचा पुढील पन्नास वर्षांवर झालेला परिणाम मोठा आहे. दुर्गाबाईंमागून शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतील मुली या व्यवसायात येऊ लागल्या. शोभना समर्थ, वनमाला, स्नेहप्रभा प्रधान ही नावे मराठी प्रेक्षकाला चटकन आठवतील. दार उघडावयास कोणीतरी पहिला धक्का द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्याचा खांदाच दुखतो.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी झाल्या. पोथीतल्या पतिव्रतेनंतर लगेच पुरुषांना नमवणारी राणी, हा बदल शांतारामांनी जाणूनबुजून घडवला असावा. पण दुर्गाबाईंचा खरा धाडसी निर्णय अभिनयाच्या बाहेरचा आहे. त्या काळी नटनट्या एखाद्या संस्थेच्या पगारी नोकर असत. महिन्याचा पगार ठरलेला, आणि दुसऱ्याकडे काम करण्यास मज्जाव. 'प्रभात'सारख्या मातबर संस्थेत नाव झाल्यावर तेथेच राहणे सुरक्षित होते. दुर्गाबाईंनी ती सुरक्षितता स्वीकारली नाही. कोणत्याही एका संस्थेला बांधून न घेता, चित्रपटागणिक करार करून काम करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. कलकत्त्यास जाऊन न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'त (१९३३) त्यांनी मीरेचे काम केले. मग ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) चित्रपटात सीतेचे. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस, आणि दोन्हींत त्यांच्यासमवेत पृथ्वीराज कपूर. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. गिरगावातली एक मराठी बाई कलकत्त्यात राहून बंगाली दिग्दर्शकाच्या हाताखाली, पठाणी मुलखातून आलेल्या नायकासमवेत हिंदीत सीता उभी करते, हे दृश्य त्या वेळच्या भारतीय चित्रपटाचे मोठे बोलके चित्र आहे. भाषेच्या आणि प्रांताच्या सीमा त्या धंद्यात तेव्हाच पुसट झाल्या होत्या.

१९३६ साली त्या 'अमर ज्योती'साठी पुन्हा शांतारामांकडे आल्या. 'प्रभात' तोवर पुण्यास आली होती. तारामतीचे नाव सर्वतोमुखी असले, तरी दुर्गाबाईंची सर्वांत अर्थपूर्ण भूमिका कोणती असे विचारल्यास 'अमर ज्योती'तील सौदामिनीकडेच बोट दाखवावे लागेल. नवऱ्याने टाकलेल्या सौदामिनीला आपल्या मुलाचा ताबा हवा असतो. राज्याचा कायदा तो देत नाही. स्त्री ही पुरुषाची दासी, तिला कसला हक्क, असे तिला राजसत्तेच्या वतीने सुनावले जाते. सौदामिनी समुद्रावर जाऊन चाच्यांची नायिका बनते आणि सूड घेते. कथा कल्पित आणि पेहराव भरजरी असला, तरी प्रश्न खरा होता, आणि तो विचारणाऱ्या अभिनेत्रीने स्वतः दोन मुलांचा भार एकटीने उचललेला होता. या चित्रपटात तिच्या डोळ्यांत जो अंगार दिसतो, तो सगळाच अभिनयाचा नसावा. त्यानंतर १९३७ साली 'साथी' या चित्रपटाची निर्मिती करून त्या निर्मातीही झाल्या. स्त्रीने पैसा उभारून चित्रपट काढावा, ही गोष्ट त्या वेळी विरळा होती.

चाळिशीच्या आसपास भारतीय अभिनेत्रीला एक अवघड वळण घ्यावे लागते. नायिकेचे दार बंद होते आणि आईचे उघडते. पुष्कळजणी या वळणावर थांबतात, काही रुसून बसतात. दुर्गाबाई हे वळण वेळेआधीच, आपणहून वळल्या. आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी' (१९४१) या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगवली. अत्र्यांनी ती सासू अशी लिहिली आणि दुर्गाबाईंनी ती अशी केली, की तारामतीला हात जोडणारे प्रेक्षक तिच्या नावाने बोटे मोडू लागले. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. सीता केलेल्या नटीने कैकेयी करावयाची म्हणजे प्रेक्षकांची भक्ती पणास लावावयाची. दुर्गाबाईंची कैकेयी खलनायिका नाही; ती हट्टाने आंधळी झालेली आणि मग स्वतःच्याच हट्टाने जळणारी आई आहे. बंगालच्या चित्रपट-पत्रकारांच्या संघाने या दोन भूमिकांसाठी लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविले. १९४३ साली सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये त्यांनी मृणालवती केली. वैराग्याचा ताठा मिरवणारी आणि शत्रूच्याच तेजाने मनातून ढासळत जाणारी ही स्त्री कन्हैयालाल मुनशींच्या कादंबरीतून आलेली. मोदींच्या गडगडाटी वाणीपुढे दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकू येणे कठीण, दुर्गाबाईंचे येते.

बोलपटात स्थिर झालेल्या नटीने रंगभूमीकडे यावे, हाही उलटा प्रवास. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यात दुर्गाबाई मनापासून सामील झाल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्यांनी आनंदीबाई केली. 'कीचकवधा'त काम केले. शेक्सपियरच्या 'मॅक्बेथ'चे शिरवाडकरांनी 'राजमुकुट' केले, त्यातही त्या होत्या. सिनेमातल्या प्रतिष्ठेची त्यांना येथे गरज नव्हती, आणि पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचाच. साहित्य संघ गिरगावातलाच. कांदेवाडीतून निघालेली वाट मोठा वळसा घेऊन पुन्हा गिरगावात आली, इतकेच म्हणावयाचे. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६८ साली 'पद्मश्री' त्यांना मिळाली. मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९६० साली 'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला. अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर, आणि त्यांची जोधाबाई दुर्गाबाई. 'सीता'मधले राम आणि सीता पाव शतकानंतर बादशहा आणि बेगम होऊन समोरासमोर उभे राहिले. जोधाबाई हे नाव इतिहासाला कितपत मान्य आहे, याबद्दल पंडितांत वाद आहे. पडद्यावरची जोधाबाई मात्र निर्विवाद आहे. एकीकडे पती, दुसरीकडे पुत्र, आणि दोघेही लढण्यास उभे. सबंध चित्रपटात सगळे मोठ्याने बोलतात. पृथ्वीराजांचा आवाज महालाच्या खांबांना कापरे भरवतो. या गदारोळात दुर्गाबाई आपले काम बहुतांशी नजरेवर करतात. बादशहासमोर खाली झुकणारी आणि मुलाकडे वळताच भरून येणारी ती नजर ज्यांनी पाहिली, त्यांना तीस वर्षांपूर्वीची तारामती ओळखू आली असेल.

त्यानंतरची वीस वर्षे आई, आजी आणि मावशी यांची. यातल्या पुष्कळ भूमिका त्यांच्या योग्यतेच्या नव्हत्या, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. हिंदी चित्रपटातील आईला रडणे, आशीर्वाद देणे आणि शेवटी मिठी मारणे यापलीकडे काम फारसे नसते. तरीही 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान' अशा चित्रपटांत दुर्गाबाई दिसतात तेव्हा त्या घराला एकदम घरपण येते. 'बॉबी'तली त्यांची ब्रगांझा आजी तर गोव्याच्या मातीतली. लाडांच्या घरातील कोकणी कानावर पडत वाढलेल्या बाईला ती कोठे शोधावी लागली नसेल. 'बिदाई' (१९७४) चित्रपटातील आईबद्दल त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीला टेकलेले होते.

खासगी आयुष्याने त्यांना फारशी सवलत दिली नाही. धाकटा मुलगा हरिन तरुण वयातच गेला. रंगभूमीवर पुढे आपले युग निर्माण करणाऱ्या विजया मेहता या त्याच्या पत्नी. या दुःखाचे भांडवल दुर्गाबाईंनी कधी केले नाही. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, त्याला नाव दिले 'मी - दुर्गा खोटे'. माहेर, सासर, चित्रपट यांतून वाट काढीत आलेल्या एका बाईने स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी, असे ते साधे नाव आहे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

१९८३ साली भारत सरकारने त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार दिला. ज्या गृहस्थाला तारामतीसाठी गावभर हिंडून एक स्त्री मिळाली नव्हती, त्याच्या नावाचा सन्मान सत्तर वर्षांनी तारामतीच्याच पदरात पडला. दुर्गाबाई मात्र तेथे थांबल्या नाहीत. लघुपट आणि जाहिरातपट काढण्याचा त्यांचा व्यवसाय पूर्वीच चालू होता. दूरचित्रवाणी आली तशी त्यांची संस्था तिकडे वळली. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका या संस्थेची. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून निघालेला, महिनाअखेरीची ओढाताण हसत सोसणारा हा कारकून देशभरच्या घरांत पोचला. मूकपट बोलू लागला त्या वर्षी कॅमेऱ्यापुढे आलेली बाई दूरचित्रवाणीच्या घरगुती पडद्यापर्यंत कामात होती.

अखेरच्या काळात त्या अलिबागेस राहिल्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आपल्याकडच्या आरंभीच्या बोलपटांपैकी बहुतेकांच्या प्रती जळून, कुजून नाहीशा झाल्या. 'आलम आरा' आज कोणालाही पाहता येत नाही. 'अयोध्येचा राजा' वाचला आहे. चित्र जागोजाग धूसर झाले आहे, आवाजात खरखर आहे; पण स्मशानाच्या प्रसंगी तारामती बोलू लागते तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू येतात.